उसनं बोट

मित्रांनो, माझं डब्यावरचं नाव पल्स ऑक्सिमीटर. पण भिलाईला लागून असलेल्या रिसालीत ज्या घरात मी राहतो, तिथली आजी कौशल्याबाई मला 'चिमटा' म्हणते. बोटाला चिमट्यासारखा धरून बसतो, म्हणून चिमटा. मला ते नाव आवडतं. माझ्या पोटात एक लाल दिवा आहे. त्याचा उजेड मी बोटाच्या आरपार सोडतो आणि रक्तात प्राणवायू किती आहे ते काचेवर आकड्यात दाखवतो. आकडा पंच्याण्णवच्या वर असला की माणसं निश्चिंत होतात. नव्वदच्या खाली गेला की घरातलं बोलणं बंद पडतं.

आता मी जुना झालो आहे. काचेवर ओरखडा आहे आणि पाठीवर टेप गुंडाळलेली आहे. तरी आकडा मी खराच सांगतो. एकदा मात्र माझ्या खऱ्या आकड्यातूनच खोटं सांगितलं गेलं. त्या दिवशी एक माणूस मरणाच्या दारात जाऊन पोचला होता. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पट्ट्यावरून सरकत सरकत मी शेवटच्या टेबलापाशी आलो, तेव्हा तिथल्या मुलीनं मला स्वतःच्या बोटाला लावून पाहिलं. मी नव्व्याण्णव दाखवले. तिनं मान हलवली आणि मला डब्यात घातलं. ते कोरोनाचे दिवस होते. औषधाच्या दुकानासमोर तीन तास उभं राहून अंकुरनं मला घरी आणलं. अंकुर म्हणजे कौशल्याबाईंचा मुलगा, तो स्टील प्लांटमध्ये नोकरी करतो. त्याची बायको रेणू शाळेत शिकवते. त्यांची मुलगी गुंजन तेव्हा पाच वर्षांची होती. आणि घराचे कर्ते होते मारोतराव, कौशल्याबाईंचे यजमान.

मारोतरावांनी प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये पस्तीस वर्षं काढली. तिथं मोठमोठ्या भट्ट्यांत दगडी कोळसा भाजतात. धूर, धग आणि लोखंडी दारं. अशाच एका दारात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख मधोमध चिरलं होतं, ते पुन्हा कधी जुळलंच नाही; त्या चिरेचा वण बोटावरून पार मधल्या पेरापर्यंत उतरला होता. दोन फाका झालेलं ते काळपट नख मी पहिल्या दिवसापासून ओळखतो.

त्या दिवसांत माझा काय मान होता! गल्लीतली सहा घरं मी फिरलो. मारोतराव मला स्वतः पुसून ठेवत. कौशल्याबाई म्हणायच्या, "या चिमट्यानं आमाले झोप देली बापा." मग कोरोना ओसरला आणि माझी रवानगी कपाटाच्या खालच्या खणात झाली. गुंजन मला काढून बाहुल्यांचा दवाखाना मांडायची. त्या खेळात माझ्या सेलवरचं झाकण हरवलं. अंकुरनं टेप गुंडाळली आणि सगळे मला विसरले.

मागच्या दिवाळीनंतर एक कागद माझ्या अंगावर येऊन पडला. छातीच्या डॉक्टर विजयाबाईंनी लिहून दिलेली ती चिठ्ठी होती. मारोतरावांचं वय अडुसष्ट, वीस वर्षं विडी ओढलेली आणि त्यात कोक ओव्हनचा धूर. कौशल्याबाईंना साखरेचा आजार. न्यूमोकोकस नावाचा एक जंतू अशाच माणसांच्या फुफ्फुसात शिरून जास्त धुमाकूळ घालतो, म्हणून दोघांनी लस घ्यावी, असं त्यात होतं.

मारोतरावांचा जुना सोबती तेजराम रोज अकराच्या सुमाराला रुआबांध्याहून स्कूटरवर यायचा. दोघांनी एकाच भट्टीवर काम केलेलं. त्यानं चिठ्ठी वाचली आणि आठवड्याभरात स्वतः जाऊन लस घेऊन आला. मारोतरावांना हसू आवरेना.

"पोलिओचा डोज बी घेऊन टाकाचा होता मंग!"

"हसून घे तू," तेजराम म्हणाला. "माह्या छातीत घरघर हाय, मले समजते. तू कावून नाई घेऊन राहिला?"

"अरे, पस्तीस वर्ष धूर खाल्ला या छातीनं. तो जंतू आत गेला त तोच खोकलून बाहेर येईन."

आणि चिठ्ठी खणात टाकून त्यांनी खण लोटला. आतल्या अंधारात मी आणि ती चिठ्ठी असे दोघं पडून राहिलो.

जानेवारी आला. कौशल्याबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, रायपूरला. वर्षभर त्या तारखेची वाट पाहत होत्या. न्हाणीघरापर्यंत जायचं तर भिंत धरून जावं लागे. सोमवारी भरती व्हायचं होतं. मारोतराव भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये रोज त्या तारखेकडे बघत.

बुधवारी मारोतरावांना सर्दी झाली. शुक्रवारी अंगात कणकण आली. शनिवारी सकाळी रेणू शाळेत निघाली तेव्हा त्यांच्या गालावर ताप दिसत होता. तिनं खण उघडला, मला बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"बाबा, खोकला वेगळा वाटते आज. चला ना, आत्ताच दाखवून येऊ."

"सर्दी हाय बेटा. दोन काढे घेतले की जाते."

"मग बारा वाजता हे बोटाले लावून फोटो पाठवा. पक्का. नाही पाठवला तर मैं छुट्टी लेकर आ जाऊंगी."

"हाव हाव, पाठवतो."

ती गेली. अंकुर पहाटेच ड्युटीवर गेला होता, गुंजन शाळेत. कौशल्याबाई आतल्या खोलीत हॉस्पिटलची बॅग भरत बसल्या होत्या. मारोतराव बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले आणि त्यांनी मला त्या चिरलेल्या नखाच्या बोटाला लावलं.

बोट तापलेलं होतं. नाडी धावत होती. मी मोजू लागलो. ब्याण्णव. एक्क्याण्णव. नव्वद.

मारोतरावांनी मला झटकलं, बोट शर्टाला पुसलं, पुन्हा लावलं. नव्वद. दुसऱ्या हाताच्या बोटाला लावलं. एकोणनव्वद. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आतून कौशल्याबाईंचा आवाज आला, "ऐकलं का, माही चष्म्याची डबी पाहा बरं कुठी हाय?"

"पाह्यतो," ते म्हणाले. त्या एका शब्दाला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

अकराला तेजराम आला. मारोतरावांनी त्याला खुणेनं जवळ बसवलं आणि हळूच म्हणाले, "तुहं बोट दे जरा."

"कायले?"

"रेणूले फोटो पाठवाचा हाय. माहा आकडा कमी येऊन राहिला."

तेजरामनं मला उचलून मारोतरावांच्या बोटाला लावलं. आता मी अठ्ठ्याऐंशी दाखवत होतो. तेजरामचा चेहरा उतरला.

"मारोती, उठ. दवाखान्यात चाल."

"आज मी भरती झालो त तिची तारीख गेली समज. पुन्हा तीन-चार महिने. भिंत धरून चालते रे ते. दोन दिवस, तेजराम. फक्त दोन दिवस. सोमवारी तिले रायपूरले पोचवतो, मंग मी माह्या पायानं विजयाबाईकडे जातो."

"हे बरोबर नाई."

"एवढ्या वर्षांत तुले कधी काई मांगतलं काय?"

मित्रांनो, मग तेजरामनं आपलं बोट पुढं केलं. तेजरामच्या अंगात ताप नव्हता, त्याचा श्वास सरळ होता. मी सत्त्याण्णव दाखवले. खोटं कसं दाखवू? मारोतरावांनी फोटो काढला आणि पाठवून दिला. थोड्या वेळानं रेणूचं उत्तर आलं, उंचावलेल्या अंगठ्याचं चित्र. मारोतराव हसले आणि हसता हसता खोकू लागले. खोकला थांबेना. रुमालावर विटकरी रंगाचा डाग पडला, तो त्यांनी मुठीत लपवला. तेजरामला तो दिसला. तो उठला, फाटकापर्यंत गेला, पण स्कूटर सुरू करेना. फाटकाशीच उभा राहिला.

मी टेबलावर पडून होतो. मला सगळं दिसत होतं आणि ओरडता येत नव्हतं. मारोतराव छाती धरून एका कुशीवर कलले होते. दर श्वासाला त्यांच्या नाकपुड्या फुलत होत्या. ओठांचा रंग बदलत चालला होता.

तिकडे शाळेत मधली सुट्टी झाली. रेणूनं डबा उघडला आणि फोटो पुन्हा एकदा पाहिला, हे मला नंतर कळलं. या वेळी तिनं आकडा पाहिला नाही. बोट पाहिलं. नख माझ्या चिमट्यात झाकलेलं होतं, पण खालच्या पेरावर वण कुठंच नव्हता.

साडेबाराला तिची स्कूटी फाटकाशी येऊन थांबली. तेजराम पुढं झाला. त्याचे डोळे भरले होते.

"पोरी, ते बोट माहं होतं."

"माहीत आहे काका," ती एवढंच म्हणाली आणि धावत आत आली.

तिनं मला मारोतरावांच्या बोटाला लावलं. चौऱ्याऐंशी. ती "बाबा" म्हणून हाका मारत होती आणि ते तिला वेगळ्याच माणसाच्या नावानं उत्तर देत होते. "चंपत, दार बंद कर, धग येते." चंपत नावाचा त्यांच्या भट्टीवरचा माणूस निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती. कौशल्याबाई भिंत धरून दारात आल्या, नवऱ्याचे निळे ओठ पाहून तिथंच खाली बसल्या.

शेजारचा हिरालाल शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. तेजरामनं त्याला हाक मारली. दोघांनी मिळून मारोतरावांना उचललं. "चिंता झन कर बहिनी, बइठ," असा रेणूला धीर देत हिरालालनं व्हॅन रस्त्यावर काढली. मी मारोतरावांच्या बोटावरच होतो. त्र्याऐंशी. ब्याऐंशी. रेणू माझ्या काचेवरून नजर हलवत नव्हती.

आणि गतिरोधकावर व्हॅन जोरात आदळली. माझ्या पाठीवरची जुनी टेप सुटली, सेल निसटला आणि माझी काच काळी झाली.

रेणू किंचाळली. तिला वाटलं, नाडीच थांबली. तिनं त्यांच्या छातीला कान लावला, व्हॅनच्या आवाजात तिला काही ऐकू येईना. तेजराम सीटखाली हात घालून सेल शोधत होता. सापडलेला सेल त्याच्या हातातून दोनदा सुटला. शेवटी त्यानं तो आत बसवून अंगठ्यानं दाबून धरला. मी जागा झालो. मोजायला मला काही क्षण लागतात, मित्रांनो. ते क्षण त्या व्हॅनमध्ये संपता संपेनात. मग आकडा उमटला. एक्क्याऐंशी. इतक्या वाईट आकड्यासाठी मी कोणाला कधी देवाचे आभार मानताना पाहिलं नव्हतं.

हॉस्पिटलात त्यांना ऑक्सिजन लावला आणि आत नेलं. मी रेणूच्या पर्समध्ये गेलो. पुढचे चार दिवस मी त्या पर्समधून, बाकावरून, जे कानावर पडलं ते ऐकलं. उजव्या फुफ्फुसाचा खालचा अर्धा भाग एक्स-रेवर पांढरा आला होता. रक्ताच्या तपासणीत न्यूमोकोकस सापडला. म्हणजे तो जंतू फुफ्फुसातून रक्तात उतरला होता.

संध्याकाळी अंकुर कौशल्याबाईंना घेऊन आला. वॉकर टेकत टेकत त्या लांब व्हरांड्यातून चालत आल्या. तेजराम उठून उभा राहिला. त्यानं सगळं सांगितलं, काहीच लपवलं नाही. कौशल्याबाईंनी ऐकून घेतलं.

"माह्या गुडघ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "मले कोणी इचारलं? मी आणखी चार साल रांगत चालली असती. अन तुमी भाऊ, त्याले दोन थापडा माराच्या सोडून बोट देलं?"

तेजरामनं मान खाली घातली. तो घरी गेला नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिला.

विजयाबाई बाहेर आल्या तेव्हा कौशल्याबाईंनी त्यांचा हात धरला. "बाई, तुमी चिठ्ठी देली होती. ते टोचून घेतलं असतं त हे झालं नसतं ना?"

विजयाबाई बाकावर त्यांच्याशेजारी टेकल्या. "झालंच नसतं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, आजी. लस घेऊनही काहींना न्यूमोनिया होतो. पण आजार इतका हाताबाहेर जाण्याची, रक्तात पसरण्याची शक्यता बरीच कमी झाली असती. आणि आज सकाळीच आणलं असतं, तर माझ्या हातात चार तास जास्त असते."

तिसऱ्या दिवशी रक्तदाब उतरला. दुपारी एका सिस्टरनं अंकुरच्या हातात कागद दिला. श्वासासाठी नळी घालावी लागली तर त्याची परवानगी. अंकुरनं पेन घेतलं आणि कागदाकडे बघत राहिला. मोठ्या मोठ्या यंत्रांवर काम करणारा तो माणूस, स्वतःचं नाव लिहिताना अडला. "आई, मैं क्या करूं?" त्यानं विचारलं. कौशल्याबाई म्हणाल्या, "सही कर. बाई म्हणन तसं करू." त्यानं सही केली. विजयाबाईंनी सांगितलं, संध्याकाळपर्यंत ऑक्सिजनच्या मास्कवरच वाट पाहू, त्याच्यापुढं थांबता येणार नाही.

चार वाजले. पाच वाजले. तेजराम व्हरांड्याच्या खिडकीशी उभा होता, रेणू पर्सचा पट्टा पिळत होती. आतून कोणी बाहेर आलं की सगळे उठत आणि पुन्हा बसत. सहाला दार उघडलं. विजयाबाईंचा मास्क हनुवटीवर आला होता.

"आत्ता नळी नको," त्या म्हणाल्या. "रक्तदाब सावरतोय."

कौशल्याबाईंनी पदर तोंडावर धरला आणि तशाच बसून राहिल्या.

पंधराव्या दिवशी मारोतराव घरी आले. पण जसे गेले होते तसे आले नाहीत. गालफडं बसली होती. खोलीतून फाटकापर्यंत जाताना दोनदा थांबावं लागे. कौशल्याबाईंची तारीख तर गेलीच होती, पुढची मिळाली ती एप्रिलातली. घरी आल्यावर चार दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. औषध पुढं ठेवायच्या, पाणी ठेवायच्या आणि निघून जायच्या. पाचव्या दिवशी मारोतरावच म्हणाले, "चुकलं माहं."

"कशासाठी म्हणता? नाव घेऊन सांगा," त्या म्हणाल्या.

"टोचून नाई घेतलं ते. लपवलं ते. तेजरामले खोट्यात ओढलं ते."

"अन मले न इचारता माह्यासाठी मराले निघाले ते?"

मारोतरावांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, कौशल्याबाईंनी तो तसाच राहू दिला.

पूर्ण बरं वाटल्यावर विजयाबाईंच्या सल्ल्यानं दोघांनी लस घेतली. एकदा हा आजार होऊन गेला म्हणजे पुन्हा होणार नाही असं नसतं, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. टोचलेला दंड दोन दिवस दुखला, तेवढंच. एप्रिलात कौशल्याबाईंचं ऑपरेशनही झालं. अंकुरनं मला नवे सेल घातले. हरवलेलं झाकण काही मिळालं नाही, पण टेप नवी, घट्ट गुंडाळली.

पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी मारोतरावांनी मला खिशात टाकलं आणि तेजरामच्या स्कूटरवर मागं बसून ते रुआबांध्याच्या बगिच्यात गेले. तिथं प्लांटमधून निवृत्त झालेली मंडळी रोज जमतात. मारोतरावांनी मला बाकावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. उसनं बोट, रुमालावरचा डाग, पोराच्या हातात आलेला तो कागद. आपल्या मूर्खपणाची गोष्ट आपल्याच तोंडानं, मधेमधे दम खात, सांगितली. तेजराम शेजारी उभा होता.

शेषराव नावाचे एक उंच गृहस्थ म्हणाले, "मारोतराव, आमी त तुमाले वाघ समजत होतो. भेव नाई वाटला काय, आकडा पाहून?"

"लय वाटला," मारोतराव म्हणाले. "म्हणूनच त दुसऱ्याचं बोट मांगतलं."

शेषरावांनी खिशातून चष्मा काढला आणि विचारलं, "त्या डॉक्टरीणबाईचा दवाखाना कुठीसा हाय म्हणता?"

मित्रांनो, माझी ताकद मला ठाऊक आहे. आजार अंगात शिरल्यावर मी तो सांगू शकतो, तो शिरू नये म्हणून मला काही करता येत नाही. ते काम लसीचं, आणि तीही पक्कं वचन देत नाही, फक्त माणसाची बाजू भक्कम करते. लस म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं लहान बाळ येतं. पण तुमच्या घरातल्या साठी ओलांडलेल्या माणसांना, दम्याच्या, साखरेच्या, हृदयाच्या दुखण्यानं गांजलेल्या माणसांनाही लसीची गरज असते, आणि ती कोणती, कधी, हे डॉक्टरांना विचारावं लागतं. मोठी माणसं दुखणं लपवण्यात फार हुशार असतात. आपल्यामुळं कोणाचं काही अडू नये, म्हणून ती लपवतात.

तेव्हा आज घरी गेल्यावर आजी-आजोबांच्या जवळ बसा. डॉक्टरांनी काही लिहून दिलं होतं का, ते घेतलं का, असं विचारा. ते हसण्यावारी नेतील. म्हणतील, "आमाले काई होत नाई." तुम्ही हसू नका आणि उठूही नका. नीट उत्तर मिळेपर्यंत त्यांचा हात हातात घेऊन तिथंच बसून राहा.